वावर तारण दिलं होतं, विकलं नव्हतं

प्रति,
बिनपरवाना सावकार,
मुखेड, कंधार, देगलूर, किनवट, उदगीर, निलंगा, औसा आणि आसपास.

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. ती मी आज मोडतो आहे. प्रेम नाही, आणि नमस्कार करावा असं तुम्ही काही केलेलं नाही.

तुमचं नावही लिहीत नाही, कारण तुम्ही एक नाही. कुठं तुम्ही खत-बियाणांच्या दुकानात गल्ल्यामागे बसता, कुठं प्लॉटिंगच्या ऑफिसात, कुठं सरकारी पगार घेऊन संध्याकाळी शेकड्यानं पैसे फिरवता. गाव तुम्हाला ‘मालक’ म्हणतं. परवाना मागितला तर तुमच्याकडे नाही. खतावणी मागितली तर ती एका दुमडलेल्या डायरीत आहे आणि डायरी घरी आहे. घर विचारलं तर बायकोच्या नावावर. मात्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात तुमच्या नावानं शोध घेतला, तर एकाच तालुक्यातली एकामागून एक खरेदीखतं निघतात. सगळी लहान शेतकऱ्यांकडून, बहुतेक मृगाच्या तोंडावर किंवा लग्नसराईत झालेली. इतकी जमीन विकत घेणारा माणूस स्वतः एकही औत का ठेवत नाही, आणि ‘विकलेल्या’ वावरात जुनाच मालक वर्षानुवर्षं सोयाबीन कसं पेरतो, हा प्रश्न तिथल्या कारकुनाला पडत नाही. मला पडतो.

तुमचा व्यवहार मी लोकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की तो आता तुमच्यासमोर मांडतो. चुकलं असेल तर सांगा.

बँकेचं पीककर्ज थकलेलं. थकलेल्याला नवं मिळत नाही. बियाण्याची पिशवी आणि डीएपी उधारीवर द्यायला दुकानदार तयार नाही, किंवा मुलाची लातूरच्या क्लासची फी भरायची आहे, किंवा घरात कुणी नांदेडच्या दवाखान्यात ॲडमिट आहे. माणूस तुमच्याकडे येतो. दोन लाख हवेत. तुम्ही म्हणता, पाच रुपये शेकडा, आणि वावर लिहून द्यावं लागेल. तो कचरतो. मग तुम्ही ते वाक्य बोलता, जे हदगावपासून निलंग्यापर्यंत एकच आहे: “कागद नुसता विश्वासाला रे. पैसे आणून दे, वावर फिरवून देतो.”

दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री ऑफिस. स्टॅम्पचा, नोंदणीचा, लिहिणावळीचा खर्च त्या दोन लाखांतून कापलेला. पहिल्या महिन्याचं व्याजही आधीच कापलेलं. कागदावर लिहिलेलं असतं की किंमत रोख पोचली, काही तक्रार नाही, कब्जा दिला. कॅमेऱ्यासमोर अंगठा होतो. “पैसे मिळाले का?” असं विचारलं जातं तेव्हा तुम्ही त्याच्या शेजारी उभे असता. तो “मिळाले” म्हणतो. साक्षीदार दोन्ही तुमचे. परत येताना तुम्ही त्याला चहा पाजता.

आता हिशेब. दोन लाखांवर पाच रुपये शेकडा म्हणजे महिन्याला दहा हजार, वर्षाला एक लाख वीस हजार. राज्य सरकारनं २०१४ साली ठरवून दिलेल्या दरानं परवानाधारक सावकार शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ टक्के घेऊ शकतो, विनातारण असेल तर १२ टक्के. दोन लाखांचे नऊ टक्के म्हणजे अठरा हजार. तुम्ही वर्षाला एक लाख दोन हजार जास्त घेता, आणि तेही परवाना नसताना, वर वावर तारण असताना. दोन वर्षांत तो माणूस तुम्हाला दोन लाख चाळीस हजार देतो. मुद्दल जिथल्या तिथं. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये हा दामदुपटीचा नियम या देशात इंग्रज यायच्या आधीपासून आहे आणि आजच्या सावकारी कायद्यातही आहे. तुमच्या डायरीत तो नाही.

मग एक वर्ष पाऊस जातो, किंवा फार येतो. २०२५ च्या ऑगस्टात मुखेड तालुक्यात एका रात्रीत गावं पाण्याखाली गेली, २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. दोन्ही टोकं याच जमिनीनं दहा वर्षांच्या आत पाहिली. हप्ता चुकतो. तुम्ही तलाठ्याकडे जाता, खरेदीखत पुढं करता, फेरफार टाकता. आणि एके सकाळी ट्रॅक्टर आणि चार माणसं घेऊन बांधावर उभे राहता: “वावर माझं आहे. उतर खाली.”

इथं माझं तुमच्याशी भांडण आहे. कर्ज दिलंत, ते परत मागाल. कुणी नाही म्हणत नाही. पण तारण ठेवलेली वस्तू तारणच राहते. कर्ज फिटेपर्यंत ती तुमच्या पैशाची हमी आहे, हप्ता चुकला म्हणून ती त्या रात्री तुमची होत नाही. तुमची करायची असेल तर एकच दार आहे, कोर्टाचं. खरेदीखताचा सगळा खटाटोप तुम्ही हे दार चुकवण्यासाठी केलेला आहे.

ते दार कसं आहे ते सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे. त्याच्या कलम ६० नं गहाण ठेवणाऱ्याला पैसे भरून आपली जमीन सोडवण्याचा हक्क दिला. हा हक्क गहाणखतात लिहूनसुद्धा काढून घेता येत नाही. ‘अमुक तारखेला पैसे दिले नाहीत तर जमीन कायमची तुमची’ अशी अट टाकली तरी कोर्ट ती मानत नाही. एकदा गहाण ते कायम गहाण, हे आपल्या न्यायालयांनी शंभर वर्षांहून अधिक काळ सांगितलं आहे. सोडवण्याचा दावा लावायला मुदत तीस वर्षांची. कब्जेगहाण असेल, म्हणजे जमीन सावकार कसतो आणि उत्पन्नातून वसूल करतो, तर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सिंग राम विरुद्ध शिवराम या निकालात सांगितलं की नुसती तीस वर्षं उलटली म्हणून शेतकऱ्याचा हक्क बुडत नाही. पैसे फिटल्याशिवाय मुदत सुरूच होत नाही.

आणि सावकाराला जमीन खरंच कायमची हवी असेल, तर? दावा लावायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३४ प्रमाणे कोर्ट आधी हिशेब करतं: मुद्दल किती, कायदेशीर व्याज किती, आलं किती. मग प्राथमिक हुकूमनामा, पैसे भरायला सहा महिन्यांपर्यंत मुदत, तीही वाढवून मिळू शकते. तरी पैसे आले नाहीत तर अंतिम हुकूम. तोही काही ठरावीक प्रकारच्या गहाणातच जमीन हातची घालवतो. एरवी लिलाव होतो, तुमचे पैसे वळते होतात आणि उरलेली रक्कम शेतकऱ्याला परत जाते. ‘उरलेली रक्कम शेतकऱ्याला’ हे शब्द तुम्ही कधी उच्चारले आहेत का? दोन लाखांच्या कर्जापायी तुम्ही दोन एकर काळी जमीन गिळता. औसा रोडच्या बाजूची दोन एकर आज कितीला जाते, ते प्लॉटिंग करणाऱ्या तुम्हाला मी सांगायला नको.

कोर्टाशिवाय गहाण जमीन विकण्याचा अधिकार मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ६९ मध्ये आहे. तो कुणाला आहे ते वाचा. एका विशिष्ट इंग्रजी धर्तीच्या गहाणात, आणि तेही दोन्हींपैकी कुठलाच पक्ष हिंदू, मुसलमान किंवा बौद्ध नसेल तर. सरकार गहाण घेणारं असेल तर. किंवा मालमत्ता मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा शहरांत असेल तर. परक्या सरकारनं केलेल्या कायद्यालासुद्धा खेड्यातल्या शेतकऱ्याच्या जमिनीवर सावकाराला परस्पर हात टाकू द्यायचा नव्हता. तुम्ही टाकता.

“बँका नाही का जप्ती करत?” हा तुमचा आवडता प्रश्न. करतात. सरफेसी कायदा २००२ साली झाला, बँकेला कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता यावं म्हणूनच. पण त्यातही साठ दिवसांची लेखी नोटीस, कर्जदाराच्या हरकतीला लेखी उत्तर, ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, लिलावाची जाहिरात आणि वर कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद, हे सगळं आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये स्वच्छ लिहिलं आहे की शेतजमिनीवरच्या तारणाला हा कायदा लागूच नाही. देशातली सर्वांत मोठी बँकसुद्धा या कायद्याखाली चाकूरच्या शेतकऱ्याचं वावर उचलू शकत नाही. गावातली पतसंस्था घ्या. तिला थकबाकीदाराविरुद्ध आधी निबंधकाकडून सहकार कायद्याच्या कलम एकशे एकचा दाखला घ्यावा लागतो, मग वसुली अधिकारी, मग त्याच कायद्याखालच्या नियम १०७ प्रमाणे मागणी नोटीस, जप्ती, जाहीर लिलाव. मोटारगाडीच्या कर्जातही गुंड पाठवून गाडी ओढून नेणं चुकीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ पासून बँकांना पुन्हा पुन्हा सुनावलं आहे. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करू नये, इतपत रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये लिहून दिलं. सगळ्यांना वेसण आहे. ज्याच्याकडे परवाना आहे, ज्याचे हिशेब तपासले जातात, त्याला हे सगळे नियम. आणि ज्याच्याकडे काहीच नाही, तो पहाटे ट्रॅक्टर घेऊन बांधावर. हे चालू राहणार नाही, आणि ते चालू राहू नये म्हणून हे पत्र आहे.

तुमची युक्ती तुम्ही शोधून काढलेली नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरादुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद. गहाणखतं, कर्जरोखे, हुकूमनामे त्यांनी बाहेर काढून जाळले, आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुढं त्यात अशी तरतूद घातली गेली की कागदावर ‘विक्री’ लिहिलेलं असलं तरी कोर्टानं तोंडी पुरावा घेऊन खरा व्यवहार काय होता ते शोधावं. म्हणजे त्या काळातल्या न्यायाधीशाला तुमचं खरेदीखत कळलं होतं. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. तो कायदा इथवर पोचला नाही, आणि इथल्या कुणब्याला त्याचा उपयोग झाला नाही. नांदेड-लातूरमध्ये तुमची मुळं इतकी खोल का गेली, याचं एक कारण मला यात दिसतं.

मग १९२९ साली मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एक दुरुस्ती झाली. विक्रीच्या रूपातलं गहाण असेल तर ‘पैसे परत केल्यावर जमीन परत’ ही अट त्याच दस्तात लिहिलेली असली पाहिजे, नाहीतर ते गहाण मानलं जाणार नाही. हेतू खटले कमी करण्याचा होता. तुमच्या आजोबांना मात्र त्यात वाट सापडली. अट दस्तात लिहायचीच नाही. लिहिली तर वेगळ्या बाँडवर, आणि तो बाँड स्वतःजवळ ठेवायचा. त्याहून सोपं म्हणजे तोंडी बोलायची. ‘फिरवून देतो’ हे वाक्य तुम्ही कागदावर का उतरवत नाही, हे तुमच्या वकिलाला ठाऊक आहे. आता ते वावरवाल्यालाही ठाऊक व्हावं.

कारण ही वाटही बंद झालेली आहे. १९८१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं गंगाबाई विरुद्ध छबुबाई हा निकाल दिला. प्रकरण आपल्याच महाराष्ट्रातलं. एका बाईनं दोन हजार रुपये कर्ज घेतलं, त्यासाठी घराचं खरेदीखत करून दिलं आणि सोबत भाडेचिठ्ठीही. आपण विक्री केलीच नव्हती, हा कागद नुसता दाखवण्यापुरता होता, असं ती कोर्टात म्हणाली. समोरच्यांनी पुरावा कायद्याच्या कलम ९२ चा आधार घेतला: लेखी कागदाविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही. न्यायालयानं सांगितलं, कागदातल्या अटी बदलायला तोंडी पुरावा चालत नाही हे खरं. पण हा कागद मुळात अमलात आणायचाच नव्हता, खरा व्यवहार वेगळाच होता, हे दाखवायला तोंडी पुरावा चालतो. निकाल त्या बाईच्या बाजूनं लागला. आता नवा साक्ष अधिनियम आला, कलमाचा आकडा ९५ झाला, शब्द जवळजवळ तेच आहेत. तुमच्या कपाटातल्या प्रत्येक खरेदीखताला हा निकाल लागू पडतो.

आणि मग २०१४. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम. त्याचं कलम १८ मी तुमच्यासाठी सावकाश सांगतो, कारण या सगळ्या पत्रात तुमच्या झोपेशी संबंध असलेला भाग हाच आहे. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून दिलेली स्थावर मालमत्ता विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल किंवा आणखी कुठल्याही नावानं गेल्या पंधरा वर्षांत सावकाराच्या ताब्यात आली असेल, तर शेतकऱ्याच्या अर्जावरून सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक चौकशी करू शकतात. तपासणीत त्यांना स्वतःला संशय आला तरी करू शकतात. दोन्ही बाजू ऐकून त्यांची खात्री पटली की ही जमीन कर्जाचं तारण होती, तर ते तो दस्त अवैध ठरवून ताबा परत द्यायचा आदेश देऊ शकतात. शेतकरी हयात नसेल तर त्याच्या वारसांना. हा अर्ज करायला शेतकऱ्याला दिवाणी दाव्याचा कोर्टखर्च नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत. तुम्हाला अपील करायचं तर महिन्याच्या आत विभागीय सहनिबंधकांकडे, म्हणजे लातूरला. नांदेडहून एसटी आहे.

शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणं हा त्याच कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोऱ्या बाँडवर, कोऱ्या रकमेवर सही घेणं हाही गुन्हा. तुमच्या टेबलाच्या खणातले ते सही केलेले कोरे चेक कशाचे पुरावे आहेत, ते आता कळलं असेल. कर्ज देताना परवाना नव्हता तर सावकारी कर्जाच्या वसुलीचा दावाही कोर्टात टिकत नाही. म्हणूनच तुम्ही कोर्टात जात नाही. ‘मी चांगला माणूस, कोर्टकचेरी करत नाही’ असं पारावर सांगता, त्याचं कारण हे आहे.

आता तुमची उत्तरं. मला ती पाठ आहेत.

“हातउसने दिले होते, सावकारी नाही केली.” एकदा एका भावबंदाला दिले असतील तर कायदा तुमच्यामागे लागणार नाही, खरी अडचण भागवणाऱ्याला मी सावकार म्हणत नाही. पण एकाच नावानं ओळीनं झालेली खरेदीखतं, तेच दोन साक्षीदार, तोच दस्त लिहिणारा, विक्रीनंतरही पीकपेऱ्यात जुन्याच मालकाचं नाव, पीकविमा जुन्याच मालकाचा, विहिरीचं लाइट बिल जुन्याच मालकाचं, हे सगळं हातउसन्याचं लक्षण नाही. हा धंदा आहे, आणि त्याचा नकाशा दुय्यम निबंधकाच्या सूचीतच काढून ठेवलेला आहे.

“त्यानं राजीखुशीनं लिहून दिलं.” सासू दवाखान्यात असताना, पेरणीला चार दिवस राहिले असताना माणूस जे लिहून देतो त्याला राजीखुशी म्हणायचं असेल तर म्हणा. कलम १८ राजीखुशीचं विचारतच नाही. ते एवढंच विचारतं: ही जमीन कर्जाच्या तारणापोटी आली का?

“आठ लाख रोख मोजून दिलेत, कागदावर आहे.” बरं. ते आठ लाख कोणत्या खात्यातून काढले, कोणत्या तारखेला? विवरणपत्रात कुठं दाखवलेत? त्याच्या खात्यात त्या आठवड्यात काय जमा झालं? घेणाऱ्यानं त्या आठ लाखांचं केलं काय, की पुढच्याच महिन्यापासून तो तुम्हाला दर महिन्याला फोन-पेवरून दहा हजार पाठवतो आहे? हे हल्लीचे फोन तुम्हाला अडचणीचे आहेत. शेकड्याचा हप्ता रोखीत घ्यायचा तुम्ही, पण पोरं मोबाइलवर पाठवतात, आणि ते सगळं बँकेच्या उताऱ्यात छापून येतं.

“सातबारा माझ्या नावावर झालाय.” झाला असेल. सातबारा आणि फेरफार हे महसुलाच्या वसुलीसाठी ठेवलेलं दप्तर आहे. त्यानं मालकी निर्माण होत नाही आणि मालकी जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेकदा सांगितलं आहे. फेरफार टाकताना जुन्या खातेदाराला नोटीस जावी लागते, त्याला हरकत घेता येते, हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी होते. ती नोटीस त्याच्या हातात पडू नये म्हणून तुम्ही काय काय करता, ते गावाला माहीत आहे. आणि खरेदीखतही नसेल, नुसती इसारपावती आणि मुखत्यारपत्र घेऊन तुम्ही मालकी सांगत असाल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०११ चा सूरज लॅम्पचा निकाल एकदा वाचून घ्या: असल्या कागदांनी स्थावराची मालकी मिळत नाही.

“मी ती पुढं विकली, आता मी काय करू?” हे मात्र तुमचं सगळ्यात वाईट काम. मेव्हण्याच्या नावावर करायची, मग मेव्हण्यानं लातूरच्या कुणाला विकायची, म्हणजे मागं येणाऱ्याला आधी तीन दारं ठोठावावी लागतील. शेतकऱ्याची लढाई यानं खरंच अवघड होते. पण पहिला दस्त कशासाठी झाला होता, हा प्रश्न त्यानं मिटत नाही, आणि चौकशीत मेव्हणाही बोलतो.

किनवट-माहूरच्या तुमच्या धंद्याबद्दल वेगळं लिहिलं पाहिजे. तिथं गोंड, कोलाम, आंध लोकांची जमीन तुम्ही याच पद्धतीनं लिहून घेता. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायला किंवा पट्ट्यानं द्यायला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. ती तुम्हाला मिळणार नाही हे तुम्हाला माहीत असतं, म्हणून तुम्ही तिथं खरेदीखतही करत नाही. अंगठ्याचा कोरा कागद, बटईचा करार आणि दमदाटी. त्या जमिनीवर तुमचा कागद रद्दीच्या किमतीचाही नाही, आणि तरी पीक तुमच्या खळ्यावर येतं. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा सत्तरच्या दशकापासून आहे. इतक्या वर्षांनीही तिथं तुमचं चालतं, ही त्या तालुक्यांतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

आणि एक बाई आहे. एकच नाही, अशा खूप आहेत. नवऱ्यानं जीव दिला. तेराव्यानंतर ती वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे जाते, तेव्हा तिला कळतं की ज्या वावरात तिनं परवापर्यंत खुरपलं ते दोन वर्षांपूर्वीच ‘विकलेलं’ आहे. नवऱ्यानं घरात सांगितलं नव्हतं. कर्ज किती घेतलं, फेडलं किती, काहीच माहीत नाही. तुम्ही तिच्या दारात गेलात. सांत्वनाचे दोन शब्द बोललात आणि म्हणालात, घर वावरात आहे ते महिनाभरात खाली करा. २०१५ साली सरकारनं मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांचं परवानाधारक सावकारांकडचं कर्ज भरलं. त्या योजनेचा तिला काही उपयोग नव्हता, कारण तुमच्याकडे परवाना नाही. तुम्ही कागदावर सावकारच नसल्यामुळं तिचं कर्ज कागदावर कर्जच नव्हतं. त्या बाईला मी हे लिहितो: कलम १८ मध्ये वारस हा शब्द आहे. तुम्ही अर्ज करू शकता, ताई. डायरी सापडली नाही तरी करू शकता. नवऱ्याचा मोबाइल फेकू नका, त्याचं पासबुक भरून आणा, विम्याच्या पावत्या, लाइट बिलं, पीकपेरा जपून ठेवा, आणि ज्यांच्यासमोर तो हप्ता द्यायला जायचा त्यांची नावं लिहून काढा.

कायदा चांगला आहे म्हणून सगळं नीट आहे असं मी म्हणत नाही. जिल्हा उपनिबंधकांच्या माथ्यावर बाजार समित्या, पतसंस्था, त्यांच्या निवडणुका आणि वरून सावकारीच्या तक्रारी, असा पसारा आहे. अर्ज महिनोन्‌महिने पडतात. पुराव्याचं ओझं शेवटी शेतकऱ्यावरच येतं, आणि पुरावा तर तुम्ही पहिल्याच दिवशी स्वतःकडे ठेवलेला असतो. माझ्या मते कलम १८ चा सगळ्यात मोठा दोष म्हणजे ती पंधरा वर्षं. गहाण सोडवायला तीस वर्षं देणाऱ्या देशात गहाण लपवणाऱ्याला पंधरा वर्षांत मोकळं का करायचं? तुम्हाला हे ठाऊक आहे. ‘कब्जा दिला’ असं कागदावर पहिल्याच दिवशी लिहून घेतलेलं असतं, म्हणून प्रत्यक्षात तुम्ही घाईनं कब्जा घेत नाही. व्याज घेत राहता, त्याला वावरात राबू देता, आणि वर्षं मोजता. प्रत्येक जून-जुलैत काही खरेदीखतांची पंधरा वर्षं भरतात. या पत्राची घाई त्यासाठीच आहे. ज्याच्या दस्ताला तेरा-चौदा वर्षं झाली आहेत, त्यानं या सुगीची वाट बघू नये.

दुय्यम निबंधकांनाही दोन शब्द. तुमचं काम दस्त नोंदवण्याचं आहे, त्यामागचा व्यवहार तपासण्याचं नाही, हे मी जाणतो. पण एकच माणूस आठवड्यात तिसऱ्यांदा तुमच्या खिडकीपुढं उभा राहतो आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईला खरेदीखत आणि गहाणखत यांतला फरक माहीत नसतो, तेव्हा तिला मराठीत एवढं विचारायला कुठल्या परिपत्रकाची गरज आहे: “बाई, वावर विकताय का गहाण ठेवताय?”

आता तुमच्याकडं परत. माझं मागणं सोपं आहे. ज्यांचं मुद्दल तुम्ही व्याजातच वसूल केलंय, त्यांना जमीन फिरवून द्या. तोंडी नको, नोंदणीकृत दस्तानं, आणि स्टॅम्प तुमच्या खिशातून. पहिल्या वेळचा त्यांनी भरलाय. ज्यांचं अजून देणं आहे, त्यांचा हिशेब नऊ टक्क्यांनी करा, आलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती द्या. कोरे चेक, कोरे बाँड परत करा. पुढं हाच धंदा करायचा असेल तर सहायक निबंधकांकडे परवान्याचा अर्ज करा आणि उघड करा, खतावणी घेऊन, ठरलेल्या दरानं. जमीनच पाहिजे असेल तर दावा लावा. तुमचा हिशेब न्यायाधीशासमोर ठेवा आणि ते काय म्हणतात ते ऐका.

हे करणार नसाल तर ज्यांची वावरं तुमच्या नावावर आहेत, ते लोक एकेकटे येणार नाहीत. एका गावातून एका सावकाराविरुद्ध पाच अर्ज एकदम पडले की ‘धंदा नव्हता’ हे उत्तर उरत नाही. सूचीचे उतारे काढायला माणसं लागली आहेत, त्यात नावं एकत्र येत आहेत, आणि नांदेड व लातूर दोन्ही ठिकाणच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात आवक-जावक शिक्क्यासह पोच मिळते. पत्राची एक प्रत तिथंही देतो आहे.

— मराठवाड्यातला एक शेतकऱ्याचा मुलगा